मांडीचं माप

सिपोरामावशी चेऊलकर बाल्कनीत आल्या आणि तुळशीकडे ढुंकूनही न बघता, तुळस जिच्यात लावली होती त्या दगडी पेटीपुढे फतकल मारून बसल्या. पेटीवर सहा पाकळ्यांची दोन फुलं कोरली होती. त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि तेच बोट हुंगलं.

"मावशी, स्पष्ट सांगा," सत्यभामा म्हणाली. "सहा महिने मी रोज पाणी कुणाला घालतेय?"

"तुळशीला. आणखी कुणाला?" तिचा नवरा विघ्नेश खुर्चीतून म्हणाला. फुजैऱ्याच्या एका दुकानदाराकडून पेटी त्यानेच आणली होती. "दोन हजार वर्षांची अँटिक आहे. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. राण्या दागिने ठेवायच्या यात."

सत्यभामेचा संशय उगाच नव्हता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या या बाल्कनीत तिच्या चार तुळशी जुलै उजाडायच्या आत जळून गेल्या होत्या. इथल्या वाळवंटातला जुलै असा, की दोरीवरचा टॉवेल घडी घालायला गेलं तर पापडासारखा मोडतो. आणि ही पाचवी? ही त्याच जुलैत अशी माजली, की वरच्या मजल्यावरची जैनब आपल्या खिडकीतून नुसता हात काढून चहापुरती पानं तोडून घेत होती. शेण नाही, खत नाही. मग ही बया खातेय तरी काय?

म्हणून रविवार बघून मावशींना अबुधाबीहून बोलावलं होतं. मावशी रेवदंड्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, तिथे लेकाकडे आलेल्या. बहिणीकडे इस्रायलला चारदा जाऊन तिथल्या जुन्या थडग्यांत रांगत शिरून आलेल्या, आणि दर वेळी बाहेर येताच रीतीप्रमाणे हातांवर पाणी ओतून घेतलेल्या.

"दागिने!" मावशी हसल्या. "विघ्नेश, बाळा, अरे आमच्या पूर्वजांची अस्थिपेटी म्हणून विकतात हे. त्या काळी डोंगरात खोली कोरायची, आत भिंतीला दगडी ओटे. माणूस गेला की ओट्यावर निजवायचा आणि तोंडाशी धोंडा लावून घरी यायचं. वर्षाने परत जायचं. तोवर नुसती हाडं उरलेली. ती घरच्यांनी गोळा करायची आणि असल्या पेटीत भरून बापजाद्यांशेजारी ठेवायची."

सत्यभामा दोन पावलं मागे सरकली. "म्हणजे यात हाडं होती?"

"पेटी खरी असेल तर होती. टेप आण."

आता घरात दोन पक्ष पडले. विघ्नेशला पेटी खरीच हवी होती, कारण अख्ख्या ऑफिसला तो फोटो दाखवून बसला होता. सत्यभामेला ती खोटीच हवी होती, नाहीतर रोज जिच्यापुढे दिवा लावला ती तुळस स्वतःच्या हाताने उपटावी लागणार होती.

त्यांची सहा वर्षांची श्रिया शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन धावत आली.

"पेटीची लांबी मनाला येईल ती नसायची," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांत लांब हाड मांडीचं. ते आडवं मावलं पाहिजे, तेवढी पेटी. खलास. पाय पुढे कर रे."

विघ्नेशने नाइलाजाने पाय पुढे केला. मावशींनी कमरेच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत टेप ताणला. एकोणीस इंच. मग पेटी आतून मोजली. बारा.

"आता यात तुझं हाड कसं बसवू? मोडून?"

"पण मावशी, सर्टिफिकेट..."

"सर्टिफिकेट मावेल हो यात. आरामात मावेल."

सत्यभामा इतकी मोकळी हसली की बाल्कनीच्या कठड्यावरचं कबूतर उडालं. "अहो, फसवलं तुम्हाला! बरं झालं बाई, फसवलं ते! थांबा मावशी, चहा टाकते, आलं घालून."

विघ्नेश तोंड पाडून बसला. श्रियाने टेप उचलला, पण त्यावरचे आकडे काही तिला जुळेनात. तिने टेप टाकून दिला, पेटीला चिकटून फरशीवर बसली आणि पाय पसरला.

"मम्मा, लुक! माय लेग फिट्स!"

सत्यभामा दारातच थांबली. पोरीची कंबर पेटीच्या एका कडेशी होती आणि गुडघा दुसऱ्या. इकडे बोटभर उरत नव्हतं, तिकडे बोटभर कमी पडत नव्हतं.

मावशींनी टेप गुंडाळायला घेतला.

विघ्नेशने उठून श्रियाला उचललं आणि कडेवर घेतलं. कडेवर घेण्याचं वय तिचं कधीच सरलं होतं.

"खोटीच आहे ना, मावशी?" त्याने विचारलं.

"खोटीच रे. सांगितलं ना." मावशी उठल्या. "सत्यभामे, चहा राहू दे. मला बस गाठायचीय."

दाराबाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्यांनी चप्पल घातली, आणि तिथूनच तांब्याभर पाणी मागितलं.

"आत बेसिन आहे की, मावशी."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या, आणि उंबऱ्याबाहेरच हातांवर पाणी ओतून घेतलं.