ओला तळवा
समुद्राकाठच्या तळ्यात आत्या-भाच्याची कयाक, वल्ह्यांची चिंचोळी होडी, पाळण्यासारखी डुलत होती. मासा धरायचा आणि लगेच सोडायचा, असं ठरलेलं. आत्याने आमिष म्हणून गळाला पिसांची नकली माशी बांधून दिली, भाच्याने ती फेकली आणि रुपेरी मासा गळाला लागला. गळ काढला, तरी भाचा मासा सोडेना. “फोटो काढ ना, आत्या! थांब, गॉगल काढतो.” मासा आ वासून तडफडत होता. “सोड रे, जीव जातोय त्याचा!” “एकच गं, ऊन तोंडावर येऊ दे.” आत्याचं डोकं सणकलं. पुढे वाकून तिने ओल्या तळव्याने भाच्याचं नाकतोंड गच्च दाबलं. “आता हस की, लाडोबा!” भाचा कासावीस झाला, मासा निसटून सुळकन पाण्यात गेला. तिने हात काढला. भाचा आ वासून धापा टाकू लागला. आत्याने मोबाइल रोखला. “हलू नकोस हं, राजा. ऊन तोंडावर आलंय.”