वाक्यात उपयोग

"डॉक्टर काय म्हणाले?" खाटेवरून शरयूबाईंनी विचारलं.

"काहीतरी पॅलिएटिव्ह केअर म्हणाले. मला कुठलं कळायला!"

दवाखान्याच्या जिन्यात बसून रघुनाथरावांनी मोबाइलवर अर्थ चारदा वाचला होता. पण तो आपल्या तोंडून निघायला नको, म्हणून जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बायकोपुढे अडाणी राहणंच त्यांना सोयीचं वाटलं.

बाईंनी सलाइन लावलेला हात सावरत उशी पाठीशी घेतली. मग वर्गात सांगावं तशा म्हणाल्या, "म्हणजे आजार बरा करायचा नाही, त्रास तेवढा कमी करायचा. आता वाक्यात उपयोग करा बघू."

रघुनाथरावांनी बायकोचा टॉवेल घडी करून पिशवीत टाकला. "चल, घरी जाऊ."

"अहो, पण शब्द कुठाय त्यात?"

"नसू दे. काप मार्क."