त्रेसष्ट वर्षांची हाडं

निवड चाचणीच्या सकाळी मृण्मयी भोईटे मैदानाच्या फाटकाशी घुटमळत होती. तिथल्या पट्टीवर उभं राहिलं की धावपटूच्या हाडांचं वय पडद्यावर उमटायचं, आणि ते चाळिशीपुढे गेलं तर फाटक उघडायचंच नाही. शेवटी मन घट्ट करून तिने पट्टीवर पाय ठेवला.

मृण्मयी एकोणीस वर्षांची होती. पडद्यावर आकडा आला त्रेसष्ट.

"मशीन बिघडलंय, मॅडम," ती घाईघाईने म्हणाली.

प्रशिक्षक घोरपडे मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "शेवटची पाळी कधी आली होती?"

"दोन वर्षं झाली. मला वाटलं, बरंच झालं, कटकट गेली."

"अगं, तू पोटभर जेवत नाहीस, म्हणून शरीराने इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवणं जवळजवळ थांबवलंय. त्याच्याशिवाय हाडं ठिसूळ होतात. आता जेवण वाढवायचं, आणि डॉक्टर म्हणाले तर त्या हार्मोनची, त्वचेवर चिकटवायची पट्टीही लावायची."

"पण हाडं पुन्हा भरतील ना?"

"बरीचशी भरतील. सगळी भरतील असं वचन मी देणार नाही."

आत शिट्टी वाजली आणि तिच्या गटातल्या मुली धावू लागल्या. मृण्मयी दवाखान्याकडे वळली. पायऱ्या उतरताना तिने आयुष्यात पहिल्यांदा कठडा धरला.