गिऱ्हाइकाचा पाळणा

"डॉक्टर, पुन्हा एकदा मोजा," माझा नवरा म्हणाला. सुतार आहे तो. एका मापावर कधी करवत चालवत नाही. सोनोग्राफीच्या टेबलावर मी लाजेने डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी हसून पुन्हा मोजलं. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी कमीच भरली.

"बाळ वेळेआधी येण्याची शक्यता आहे," त्या म्हणाल्या. "औषध सुरू करू. धावपळ मात्र बंद."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने पडवीत सागवान काढलं. सासूबाई कडाडल्या, "बाळ यायच्या आधी पाळणा करायचा नसतो! अपशकुन असतो तो."

"आपला नाही गं आई, गिऱ्हाइकाचा आहे."

मी पलंगावर उशीत तोंड खुपसून हसले. मग रोजचंच झालं. तो रंधा थांबवून मोठ्याने विचारायचा, "गिऱ्हाइकाला कठड्यावर मोर हवेत की पोपट?" मी आतून ओरडायची, "पोपट!" सासूबाई भाजी निवडता निवडता पुटपुटायच्या, "कसलं बाई हे घाईचं गिऱ्हाईक!"

पाळण्याला पॉलिश झालं त्या दिवशी त्या आतून एक दुपटं घेऊन आल्या. त्यांच्याच जुन्या मऊ लुगड्याचं, कडेने बारीक टाके घातलेलं. एका दिवसात होणारं ते काम नव्हतं.

दुपटं त्यांनी पाळण्यात अंथरलं आणि दारातून माझ्या पोटाकडे बघत मुलाला बजावलं, "तुझ्या गिऱ्हाइकाला हेही दे. आणि सांग त्याला, पाळणा तयार आहे म्हणून लगेच यायचं नाही."