मी येईपर्यंत पाणी ओता

वाळूवर मरून पडलेल्या डॉल्फिन मादीचं फुप्फुस तिने कापलं, तर आतून फेस आला, खारं पाणी आलं आणि चिमूटभर वाळू. तिने पुन्हा बोट घालून पाहिलं. वाळूच. अंगावर जाळ्याचा वळ नव्हता, जखम नव्हती, आत कुठे आजाराची खूण नव्हती. तिच्यासारख्या प्राण्यांच्या डॉक्टरला याहून जास्त काही लागत नाही. किनाऱ्याला लागल्यावर हिच्या नाकात कुणीतरी पाणी ओतलं होतं.

डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं. पाणी ओतताना तेवढी जागा सोडायची, हे तिच्या अंगवळणी इतकं पडलेलं की सकाळी फोनवर ते सांगायचं राहूनच गेलं. तिचे वडील किनाऱ्यावर फिरायला गेले होते, त्यांना वाळूत अडकलेल्या दोन माद्या दिसल्या, जिवंत. ती तीन तासांच्या वाटेवर होती. "अंग सुकू देऊ नका, बाबा. मी येईपर्यंत पाणी ओतत राहा. थांबू नका." आणि वडील म्हणजे चाळीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढलेला माणूस. फोनवरचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जेवायलासुद्धा उठले नसतील.

मागे पाणी ओतल्याचा आवाज आला.

दहा पावलांवर दुसरी मादी अजून जिवंत होती. पहिली कशाने मेली ते कळलं तरच हिला वाचवता येणार, म्हणून तिने आधी ती कापायला घेतली होती. वडील ओलेचिंब, बादली पुन्हा वर गेलेली.

"बाबा, डोक्यावर नको!" ती सुरी टाकून धावली आणि बादली हिसकावून घेतली. "नाक आहे ते तिचं!"

तिने तळव्याने भोकावरचं पाणी पुसलं. मादी एकदा फुसकारली, पाणी उडालं. मग काहीच नाही. "घे गं बाई, श्वास घे," ती पुटपुटत राहिली. तिला रडू फुटलं.

"तूच म्हणालीस ना, थांबू नका?" वडील म्हणाले. मग त्यांची नजर कापून ठेवलेल्या पहिलीकडे गेली. "म्हणजे तीसुद्धा?"

तिने मान डोलावली.

वडील पहिलीजवळ जाऊन बसले.

"तिचं ते भोक सारखं उघडत होतं गं. मला वाटलं, पाणी मागतेय. म्हणून तिला जास्त दिलं."