ताटावरचं नाव

लवूच्या पोरीनं पहिल्या पगारातून पार्ल्याच्या अन्नछत्रासाठी स्टीलची ताटं घेतली. दुकानदारानं कोरायचं मशीन उचललं. “नाव काय घालू, काका?” लवूची छाती फुगली. “सुलक्षणा लवू परब. मधोमध, ठसठशीत!” गिरणीच्या संपात चूल थंडावली, तेव्हा ह्याच अन्नछत्रात जेवून पोरगी दहावी झालेली. आज तीच देणारी झाली. चारचौघांना कळायला नको? सुलक्षणानं ताटावर हात ठेवला. “नाव नको, बाबा. त्या जेवणानं तारलं, खरंय. पण रोज भात संपत आला की खालून कुणा शेठचं नाव वर यायचं. शेवटचा घास उतरायचा नाही.” हे तिनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. दुकानदार खोळंबला. “कोरीच बांधू?” “कोरी कशाला?” लवू ताठ उभा राहिला, दारी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला, “प्रत्येक ताटात घाल, ‘सावकाश जेवा.’”