स्तांकाची तोंडी परीक्षा

आयर्लंडात म्हाताऱ्यांच्या सेवेला निघालेल्या बल्गेरियातल्या एका गावच्या बायकांना निकोलिनाबाई इंग्रजी शिकवायच्या. 'गेट' या एका क्रियापदावरच त्यांचे पंधरा दिवस गेले. उठायला तेच, कपडे घालायला तेच, थकायला तेच आणि बरं व्हायलाही तेच.

"एवढासा जीव आणि केवढी कामं!" स्तांका म्हणायची. "माझ्यासारखाच राबतोय मेला."

ती घरी अंथरुणाला खिळलेल्या आईवर सराव करायची. आईला बल्गेरियनखेरीज ओ की ठो कळत नसे. तरी 'गेट अप' म्हटलं की ती हसून मान उचलायची आणि लेकीला दटावायची, "चुकलीस तर उठणार नाही हं!"

आज तोंडी परीक्षा होती. परीक्षक राजधानी सोफियाहून एकाच सकाळपुरते आले होते. प्रश्न बाईच विचारत होत्या, आणि स्तांका एकही वाक्य चुकली नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि म्हातारी उठलीच नाही तर?"

स्तांका एकदम आपल्या भाषेवर आली. "खिडकी उघडायची. आरसा झाकायचा. घड्याळ थांबवायचं."

बाईंना हसू आलं. "अगं वेडे, तिकडे मयताच्या घरी कोण आरसे झाकतंय? आधी डॉक्टरला फोन लावायचा."

"लावला ना, बाई, उजाडताच. दुपारी येतो म्हणाला, म्हटलं तोवर परीक्षा देऊन येते." स्तांकाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. "आईला उठवताना एकदाही चुकले नव्हते हो मी."